बुधवारी पारोशी यायचं

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नोकरी होती तोवर जांभळीच राहिली. लिंबू चोळा, चिंच चोळा, रंग काही हटायचा नाही. लग्नात नवऱ्याकडच्या एका आत्याबाईंनी माझा हात उलटासुलटा करून विचारलं होतं, "शाई सांडली व्हय गं हातावर?" मी सरळ सांगून टाकलं, "शाई नाही, रोगाचे जंतू रंगवायचा रंग आहे." चटका बसल्यासारखा त्यांनी माझा हात सोडला. पंगतीत माझ्या शेजारचे दोन पाट रिकामे राहिले. मला ऐसपैस बसायला मिळालं, आणि मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी कामाला होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घर शाहूपुरीत, नवरा शाळेत मास्तर, सासूबाई कडक सोवळ्याच्या. सून रक्त-लघवी तपासते, एवढंच त्यांना माहीत होतं. पण माझं खरं काम चालायचं दवाखान्याच्या मागच्या अंगाला, गुप्तरोगाच्या विभागात. तिथं जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. "बाईमाणसाचं काम न्हवं ते," असं लॅबमधले पुरुष मला सांगायचे आणि स्वतःही जायचे नाहीत. म्हटलं, द्या इकडं. मी करते.

गावातल्या एका गल्लीतल्या बायका तिथं तपासणीला येत. गल्लीचं नाव सांगत नाही, सगळ्या कोल्हापूरला ते ठाऊक आहे. धंदा करणाऱ्या बायका. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, त्या दिवशी त्या सुई टोचून घ्यायच्या नाहीत. म्हणून आमच्या डॉक्टरांनी बुधवार ठरवला होता. डॉक्टर निवृत्तीला आलेले, हळू आवाजाचे, प्रत्येकीला 'अहो' म्हणणारे. त्या गल्लीतल्या बाईला 'अहो' म्हणणारा दुसरा माणूस मी त्या काळात पाहिला नाही. नावं विचारायची नाहीत, असा त्यांचा नियम होता. प्रत्येकीला एक कार्ड आणि कार्डावर नंबर.

काम असं चालायचं. डॉक्टर पडद्याआड तपासायचे आणि आतला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन माझ्याकडं द्यायचे. मी तो काचपट्टीवर पसरायची, दिव्यावर धरून वाळवायची. मग जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटचा हात, शेवटी लाल रंग. खिडकीतल्या उन्हाकडं आरसा करून काच सूक्ष्मदर्शकाखाली लावायची. परम्याचे जंतू, म्हणजे गनोरियाचे, लाल दिसतात. जोडीजोडीनं असतात, पावट्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तसे. अख्ख्या काचेत एकच जोडी असली तरी ती मला सापडायची. लॅबमध्ये पैजा लागायच्या आणि मी जिंकायची. या गोष्टीचा मला गर्व होता. आजही आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

तर अशा माझ्या डोळ्यांना त्या बायकांच्या काचांत काही म्हणजे काही सापडत नव्हतं. एखादीच्या काचेत कधीतरी. बाकी वहीत दर बुधवारी खाली खाली तेच दोन शब्द: आढळले नाही, आढळले नाही. गुरुवारी पुरुष यायचे. त्यांच्या काचा मात्र गच्च भरलेल्या, आणि कुठं गेला होतात विचारलं की मान खाली घालून त्याच गल्लीचं नाव. डॉक्टर एकदा वही पुढं ओढून म्हणाले, "बाई, हे लोक मग रोग आणतात कुठून?" मी फाडकन म्हटलं, "ट्रकवर हिंडणारी माणसं, साहेब. गावोगाव तोंड घालत असतील आणि नाव आपल्या गल्लीचं सांगतात." डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. वर पाठवायच्या अहवालात ते लिहायचे, या वस्तीत परमा क्वचित आढळतो.

आणि त्या बायका यायच्याही किती टापटीप. ओले केस, धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, एखादीच्या अंबाड्यात अबोली. आमच्या बाकड्यांवर ओळीनं बसायच्या तेव्हा खोलीला साबणाचा वास यायचा. बाकीच्या पेशंटांपेक्षा या बऱ्या, असं मी जाता-येता चारचौघांत बोलायची.

बारा नंबरची त्यांच्यातलीच. सीमेकडच्या गावची, बोलण्यात मधूनच कानडी डोकवायचं. पंचविशीची असेल. तिच्यासोबत पाचेक वर्षांची मुलगी असायची, आईचा पदर मुठीत धरून बाकड्याखाली बसायची. मुलगी आंधळी. दोन्ही डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा. आई सांगायची, "जलमली तवा डोळं चांगलं होतं, बाई. चौथ्या दिशी पू आला. सुईणीनं दूध पिळलं, एरंडेल घातलं. म्हैन्यात डोळं गेलं. दिष्ट लागली म्हणत्यात." मला डॉक्टरांनी शिकवलं होतं. आईच्या अंगात परमा असला की बाळंत होताना तो बाळाच्या डोळ्यांत जातो, आणि वेळेवर औषध पडलं नाही तर डोळे जातात. दृष्टबिष्ट काही नसते. पण ते मी तिला सांगितलं नव्हतं. काय सांगणार, आणि आता सांगून काय?

त्या वर्षी ती पुन्हा गरोदर राहिली. पाचव्या महिन्यात मला म्हणाली, "बाई, ह्याचं डोळं तरी बरं ऱ्हातील न्हवं?" मी काच लावली, सगळी फिरवली. काही नाही. म्हटलं, "तुझी काच स्वच्छ आहे. बाळाच्या डोळ्यांना काही होत नाही, जा." महिन्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. सातव्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तर मी थोडी वैतागलेच. म्हटलं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का गं? मी सांगते म्हणजे झालं." ती हसली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

आठव्या महिन्यातला एक बुधवार. सकाळपासून बाकडी रिकामी. अकराच्या सुमाराला बघते तर बारा नंबरची व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली, मुलगी शेजारी. आत यायला तयार नाही. मी बाहेर जाऊन विचारलं, काय झालं?

"आज तपासू नगा, बाई. पाणीच आलं न्हाय. मेन पाईप फुटलाय म्हणं. गल्लीतली कुणीच न्हायली न्हाय."

"मग?"

"पारोशी हाय मी." तिनं ते इतक्या हळू सांगितलं की मला वाकून ऐकावं लागलं. "फकस्त कार्डावर हजेरी मारा. पुढल्या बुधवारी येतो."

आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणतात, त्यात काही नाही. पण पारोशी आहे म्हणून दवाखान्यात शिरायचं नाही, ही काय तऱ्हा? मी म्हटलं, "हे काय देऊळ आहे? आठवा लागलाय तुला, ऊठ आधी." दंडाला धरूनच तिला आत नेलं. डॉक्टरांपुढं तिनं तोंडावर पदर घेतला. मी त्यांच्याकडून बोळा घेतला, काच केली, रंगवली आणि खिडकीशी बसले. नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत 'आढळले नाही' लिहून मोकळी होणार होते.

काच भरलेली होती. पू-पेशीच पू-पेशी, आणि त्यांच्या पोटात लाल जोड्या. शोधाव्या लागल्या नाहीत. जिथं नजर टाकावी तिथं होत्या. काच चुकून गुरुवारची तर नाही ना म्हणून मी नंबर पाहिला. बाराच होता.

मी तिला विचारलं, "इथं यायच्या आधी तुम्ही घरी काय करता? नीट सगळं सांग."

तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. बुधवारी पहाटे उठायचं, डोक्यावरून न्हायचं. मग मालकीण बाटलीतले काळे खडे पाण्यात टाकून लाल पाणी करून देते, त्या पाण्यानं आतून धुऊन काढायचं. दोनदा, तीनदा. खडे कुठल्याशा कंपाउंडरनं दिलेले, म्हणजे जंतू मारणारं पोटॅशियम परमँगनेट. रोग लपवायला म्हणून नाही हो. "सायबास्नी घाण दावायची व्हय? येवढा मोठा मानूस, आमास्नी अवो म्हणतोय. त्यांच्या म्होरं तसंच जाऊन पडायचं?" ती मलाच समजावत होती. "देवीला पारोशी जातंय का कुणी?"

म्हणजे डॉक्टरांनी त्यांना मान दिला, आणि त्या मानाची परतफेड म्हणून या बायका दर बुधवारी आपला रोग धुऊन, स्वच्छ होऊन आमच्यापुढं येत होत्या. धुऊन रोग जात नाही. काचेवर येईल एवढाच जातो. आणि मी, पैजा जिंकणारी, धुतलेल्या अंगणात केर शोधत बसले होते. गुरुवारचे पुरुष खरं सांगत होते. मीच त्यांना खोटं ठरवलं होतं.

तिला सांगणं भाग होतं. डॉक्टर सांगतो म्हणाले, पण तीनदा शब्द दिला होता तो मी. मीच सांगितलं. तुझ्या अंगात परमा आहे, आधीही असणार, मला दिसला नाही. ती म्हणाली, "तीनदा सांगितलासा की." मी म्हटलं, हो. चुकलं माझं. मग तिनं बाकड्याखाली बसलेल्या मुलीकडं पाहिलं. मी न सांगितलेलं तिला कळलं होतं. "मंजे हिचं डोळं... माझ्यामुळं गेलं?"

"तुझ्यामुळं नाही. रोगामुळं. आणि तो तुला कुणीतरी दिला."

मला त्या वेळी स्वतःची एवढी चीड आली होती की रडूही येईना. डॉक्टरांनी तिला तिथंच पेनिसिलिन दिलं. तिचा एक नेहमीचा माणूस होता, कबनूरला कापडाच्या मागावर काम करणारा. तो औषध घेत नाही तोवर त्याला जवळ येऊ द्यायचं नाही, दुसऱ्याही कुणाला नाही, बाळंतपण घरी नाही, इथंच. आणि प्रत्येक बुधवारी तपासणी, न धुता. तिनं सगळ्याला मान हलवली, शेवटचं सोडून. "पारोशी नगा बोलवू, बाई. लाज वाटती."

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत गेले. भरदुपारी, डोक्यावर पदर न घेता. नवऱ्याला सांगून गेले होते. तो एवढंच म्हणाला, "चप्पल चांगली घालून जा, तिकडं गटार फुटलंय." मालकीण दारातच तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, आवाज असा की समोरच्या घरात कुणाला झोप येऊ नये. मी म्हटलं, बुधवारी लाल पाणी बंद. अंघोळ बंद. सगळ्यांनी पारोशी यायचं.

"आमची अब्रू काढायला आलासा व्हय?" तिनं सूप खाली ठेवलं. "धंदा करतोय म्हणून घाणीत ऱ्हातोय असं दावायचंय लोकास्नी?"

मी रोग समजावला, काच समजावली, बाळाचे डोळे समजावले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हात कमरेवर ठेवून म्हणाली, "तुमी जाता का पारोशी कामाला? सांगा की. मोठ्या घरच्या तुमी. न्हाऊन, केस बांधून, पावडर लावून येता. आन् आमी तेवढं तसंच यायचं."

चार-पाच जणी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बारा नंबरचीही होती. मी म्हटलं, "येते की. येत्या बुधवारपासून मीही पारोशी. आणि तुमच्याच बाकड्यावर बसते."

बोलून तर बसले. आता घरी काय सांगायचं? पारोशा बाईनं स्वैपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. बुधवारी सकाळी मी चूळ भरून, केस तसेच गुंडाळून निघाले तेव्हा त्या देवघरातून बघतच राहिल्या. "अंघोळ?" मी म्हटलं, "दर बुधवारी संध्याकाळी करणार. कामाचा भाग आहे." चहा मिळाला नाही. पुढं कित्येक वर्षं बुधवारी मला घरचा चहा मिळाला नाही. मी दवाखान्यासमोरच्या गाड्यावर प्यायची, आणि खरं सांगायचं तर तो जास्त चांगला असायचा.

त्या बुधवारी बायका आल्या. पहिल्या तिघी-चौघी, चोरट्यासारख्या. आधी माझे केस निरखले, कालची चुरगळलेली साडी निरखली. मालकीण जवळ येऊन चक्क माझा वास घेऊन गेली आणि म्हणाली, "व्हय गं, खरंच न्हायल्या न्हाईत." तेव्हा कुठं बाकडं हसलं. मग हळूहळू सगळ्या यायला लागल्या. वहीत 'आढळले नाही' हे शब्द विरळ होत गेले. परमा निघाला आणि इतरही काय काय निघालं. ज्या वस्तीत रोग क्वचित म्हणून आम्ही कळवत होतो, तिथं तो घरटी होता. त्यातल्या कितीतरी जणींना काही त्रासच होत नव्हता. काहींना ओटीपोटात वर्षानुवर्षं दुखायचं आणि माझ्या काचेमुळं मालकीण त्यांना खोटारड्या म्हणायची. त्या बायकांची मी माफी मागितली. एक-दोघी नुसत्या हसल्या. एक बोलली नाही, ती पुन्हा कधीच बोलली नाही.

वरून एक साहेब आले. वही बघून म्हणाले, "तुमच्या गावात हा रोग एकाएकी वाढला कसा?" डॉक्टर काही बोलायच्या आत मी सांगितलं, "वाढला नाही साहेब. होता तेवढाच आहे. आम्हाला दिसत नव्हता." त्यांनी माझ्या अवताराकडं पाहिलं. बुधवार होता.

बारा नंबरची प्रत्येक बुधवारी आली. औषधानंतर तिची काच साफ दिसली, न धुता साफ. कबनूरचा माणूस एका गुरुवारी येऊन इंजेक्शन घेऊन गेला. तिनं त्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवलं होतं म्हणे, चारचौघांत. एका सोमवारी दुपारी कळा सुरू झाल्या आणि ती टांग्यातून थेट दवाखान्यात आली. मुलगा झाला. सिस्टरनं डोळ्यांत औषधाचे थेंब घातले.

मंगळवारी सकाळी मुलाच्या पापण्या सुजल्या. डोळे लालबुंद, कडेला चिकटा. तिनं किंकाळी फोडली नाही, नुसतं मला बोलावणं धाडलं. डॉक्टर म्हणाले, थेंबांनीही असं होतं, दोन दिवसांत उतरतं, पण खात्री काचच देईल. म्हणजे पुन्हा माझ्यावर आलं. मी कोपऱ्यातला चिकटा घेतला, काच रंगवली. एकदा पाहिली, कडेपासून कडेपर्यंत. काही नाही. दुसऱ्यांदा पाहिली. डॉक्टरांनाही बघायला बसवलं. मग दुसरी काच केली आणि तीही पाहिली. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता, तो मी त्या खिडकीत बसून काचेकाचेनं परत मिळवत होते.

वॉर्डात जाऊन तिला म्हटलं, "स्वच्छ आहे."

तिनं विचारलं, "डोळं कुणी धुतलं न्हवतं न्हवं, काच घ्याच्या आदी?"

"कुणाला हात लावू दिला नव्हता. पारोसाच होता."

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला असं नाही. बघू म्हणाली. गुरुवारपर्यंत सूज उतरली.

दीडेक महिन्यानं, एका बुधवारी, ती दोन्ही पोरांना घेऊन आली. मुलगी नेहमीसारखी पदर धरून. मी नुकताच काचेवर जांभळा रंग ओतला होता, बोटं ओली होती. मुलाला तिनं माझ्या टेबलापाशी धरलं. मी बोट त्याच्यासमोर नेलं, उजवीकडं हलवलं. काळेभोर डोळे उजवीकडं गेले. डावीकडं नेलं, डावीकडं आले. पुन्हा उजवीकडं.

"अव्वा," मुलीनं खालून आईला विचारलं, "बघतंय व्हय ते?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तीनदा चुकीचं सांगणारी मी, तिला ते माझ्याकडूनच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "बघतंय. माझ्या बोटाकडं बघतंय."

मुलगी पदर सोडून माझ्या दिशेनं आली, दोन्ही हात पुढं करून. "काय हाय त्या बोटाला, बघण्यासारखं?"

जांभळं आहे, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. बोट तिच्या मुठीत दिलं आणि ती धरील तोवर राहू दिलं. काच तशीच रंगात पडून राहिली, ती मला नंतर पुन्हा करावी लागली.